फ्रीझरचं साल

थोरल्याचं कुल्फीचं दुकान दोन उन्हाळे चाललं, तिसऱ्यात बसलं. खुर्च्या विकल्या गेल्या, काउंटर एका टेलरने उचलला, पण डीप फ्रीझरला गिऱ्हाईक मिळेना. जो तो यायचा, झाकण उघडून आत डोकं घालायचा आणि किंमत ऐकून निघून जायचा. शेवटी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणला आणि मधल्या घरात, धान्याच्या कोठ्यांच्या ओळीत, भिंतीला लावून ठेवला.

गाव शहादा तालुक्यातलं, तापीकाठचं. शिवारात केळी, पपई, ऊस, थोडी मिरची. घरात जिजी, तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडं. मागच्या अंगणात एक गावठी आंबा, लिंबाची दोन झाडं, एक पेरू. शेतावरच्या खोलीत सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेला गडी, बायकोपोरांसह. तो वर सातपुड्यातला, अक्राणी तालुक्याचा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला, पण या जिल्ह्यातही दोन जिल्हे आहेतच: खालचा, तापीच्या काळ्या मातीचा, आणि वरचा, डोंगरांचा. वरचा माणूस कामाला खाली येतो आणि होळीला मात्र काहीही झालं तरी वर जातो.

फ्रीझर आला आणि घरात आनंदी आनंद झाला. जूनमध्ये अंगणातल्या आंब्याचा रस निघाला, तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरून आत गेला. हिवाळ्यात मटार स्वस्त झाला, तो सोलून गेला. तुरीचे ओले दाणे गेले. हरभरा गेला. भरताची वांगी काट्यांवर भाजून, सोलून, गर पिशवीत दाबून गेला. लिंबाचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून त्याचे चौकोन गेले. किसलेलं खोबरं, उरलेलं पुरण, पाहुण्यांनी न संपवलेले गुलाबजाम, नातवाच्या वाढदिवसाचा अर्धा केक. फ्रीझर कशालाच नाही म्हणत नव्हता. थोरली सून म्हणायची, “टाकून द्यायचं नाही, ठेवून दे.” धाकटी म्हणायची, “कधीतरी लागतंच.” आणि झाकण पडायचं.

शेजारच्या कोठ्यांचं तंत्र वेगळं. पत्र्याच्या कोठीत धान्य वरून ओततात आणि खालच्या झडपेतून काढतात. त्यामुळे जुनं आपोआप आधी बाहेर पडतं, कुणाला ते लक्षात ठेवावं लागत नाही. फ्रीझरला तोंड एकच, तेही वर. नवं येतं ते जुन्याच्या डोक्यावर बसतं, आणि घाईच्या वेळी हात जातो तो वरच्याच डब्याला. तळाचं तळाशीच राहतं. या घरात पुढे जे झालं त्यातलं निम्मं मी त्या एका तोंडाच्या खात्यावर टाकतो. उरलेलं निम्मं माणसांचं.

जिजी फ्रीझरच्या वाटेला जात नसे. तिची साठवण गच्चीवर. चैत्रात वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या ती सोलायची, फोडी करायची, जुन्या धोतरावर पसरायची. लोखंडी विळी घ्यायची नाही, स्टीलची सुरी. लोखंड लागलं की कैरीची फोड काळी पडते. दिवसातून दोनदा उलथायची. पाचव्या-सहाव्या दिवशी फोड दोन बोटांत धरून मोडायची. वाकली तर अजून ऊन, कट्‌कन तुटली तर बरणी. टोपलीभर कैऱ्यांचं बरणीच्या तळाला जेमतेम काहीतरी दिसायचं. सुना हसायच्या, “जिजी, एवढ्या उन्हात एवढ्याशासाठी?” जिजी म्हणायची, “एवढंसं शे म्हनीसन तं सरस.” एवढंसं आहे म्हणून तर संपतं.

जानेवारीत धाकटीचे वडील आले. व्याही आले म्हटल्यावर थोरलीने हौसेने रसाचा डबा काढला. बाहेर गव्हाला पाणी चाललेलं, अंगावर शाल, आणि ताटात आमरस-पुरी! व्याही खूश. पण जिजीच्या ताटात वाटी ठेवताना थोरली थबकली. खानदेशात आखाजीच्या आधी आंबा खात नाहीत. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजायची, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पुरणपोळी आणि रसाची आगारी निखाऱ्यावर टाकायची, आणि मग घरातल्यांनी आंब्याला हात लावायचा. जिजीने आयुष्यभर हे पाळलेलं. आता जानेवारीतल्या रसाचं काय करायचं?

जिजीने वाटीकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि पुरीचा तुकडा रसात बुडवला.

“ह्या गया सालना आंबा शेतस,” ती म्हणाली. गेल्या सालचे आंबे. गेल्या आखाजीला पितरांना त्यांचा वाटा देऊन झाला, तेव्हा यात काही चुकत नाही.

सगळे हसले. धाकटीचे वडील तर म्हणाले, विहिणबाई वकील व्हायच्या. पण जिजीचं वाक्य पुरं झालं नव्हतं. पुरी संपवून, हात धुऊन आल्यावर ती म्हणाली, “आखाजीपर्यंत चालेल हे. आखाजी उलटली आणि हा रस आतच राहिला, तर तो मग कुठल्या सालचा?”

याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

होळी झाली. सालदार डोंगरातून परत आला, आखाजीला दीडेक महिना उरला. इकडे शेतीचं साल आखाजीला संपतं. सालदाराचा हिशोब त्याच दिवशी: वर्षभरात उचल किती घेतली, खाडे किती, देणं किती निघतं, आणि पुढचं साल याच घरी की दुसरीकडे. या सालदारकीचा इतिहास गोड नाही, हेही इथे सांगून टाकलेलं बरं. याच शहाद्यात १९७० च्या दशकात अंबरसिंग महाराज या आदिवासी नेत्याला आणि श्रमिक संघटनेच्या लोकांना भूमिहीन आदिवासींसाठी आणि सालदारांच्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरावं लागलं, तेव्हा कुठे हिशोब हिशोबासारखे होऊ लागले. जिजीने ते दिवस पाहिलेले. म्हणून तिच्या घरी सालदाराची वही वेगळी होती आणि ती आखाजीला सगळ्यांसमोर वाचली जायची.

त्या वर्षी तिने नातीला दुकानातून दुसरी वही आणायला सांगितली.

“सालदारना हिशोब आखाजीले व्हस, मंग यान्हा काबर नही?” ती फ्रीझरकडे बोट दाखवून म्हणाली. हा पण घरात राबतोय, वीज खातोय. याने काय घेतलं, काय दिलं, बघू या.

नात सातवीतली, अक्षर चांगलं. तिने मधल्या घरात पाट मांडला. थोरली आणि धाकटी एकेक वस्तू काढून सांगत गेल्या आणि ती लिहीत गेली. पहिला थर सोपा होता: या वर्षीचा मटार, तुरीचे दाणे, वांग्याचा गर. दुसऱ्या थराला बोटं बधिर व्हायला लागली. रसाचे डबे एकामागून एक निघत राहिले. थोरलीला वाटत होतं सात-आठ असतील, निघाले एकवीस. तिसऱ्या थरात उलथनं घेऊन बर्फ खरवडावा लागला. तिथे अशा पिशव्या होत्या ज्यांच्यावर नाव नाही, तारीख नाही. एक हिरवट गोळा निघाला. थोरली म्हणाली पालक, धाकटी म्हणाली कोथिंबिरीची चटणी. ताटात वितळू दिला तर मेंदी निघाली, कुणाच्या तरी लग्नातली उरलेली. वाढदिवसाच्या केकवर अजून नातवाच्या नावातली दोन अक्षरं वाचता येत होती. नातू तेवढ्यात तिसरीतून पाचवीत गेला होता.

गोठवणं ही लबाड कला आहे. उणे १८ अंशांवर जंतू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत; नुसते थांबतात. फळातली विकरंही पूर्ण झोपत नाहीत. म्हणून मटार आत टाकण्याआधी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात आणि लगेच गार पाण्यात घालायचा असतो, नाहीतर रंग आणि चव आतल्या आत उतरत जाते. पिशवीत हवा राहिली की वरचा पापुद्रा सुकून पांढरा पडतो. शिवाय घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो, त्यात बर्फाचे खडे मोठे होतात आणि ते फळाच्या पेशी फाडतात. वितळल्यावर पाणी सुटतं ते त्यामुळे. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाच्या अमेरिकन माणसाने लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत तिथले लोक पकडलेला मासा क्षणात कसा गोठवतात ते पाहिलं आणि त्यावरून झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्‌समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याचं गोठवलेलं अन्न विकायला आलं, त्यात मटारही होता. लॅब्राडोरमध्ये थंडी फुकट होती, शहाद्यात ऊन फुकट आहे. ज्याच्या दारात जे फुकट, त्याने त्यावर आधी भरवसा ठेवावा, असं आपलं मला वाटतं. पण लोक विकतच्या थंडीला जास्त मानतात.

मग तो दीड महिना. आखाजीच्या आत फ्रीझर रिकामा व्हायला हवा, तोवर घरात भाजी विकत आणायची नाही असा जिजीचा हुकूम. मटाराची उसळ झाली, मटाराच्या करंज्या झाल्या, मटार घालून खिचडी झाली, आणि चौथ्या दिवशी मुलांनी ताटावर संप केला. वांग्याचा गर मात्र लाजवाब निघाला. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे कुटून घातले, वरून कच्चं तेल, सोबत कळण्याची भाकरी. एप्रिलच्या बेचव वांग्यांपेक्षा पौषातलं वांगं फ्रीझरमधून आलेलं परवडलं. तुरीच्या दाण्यांची आमटी सालदाराकडे गेली, शेजारी गेली. लिंबाचे चौकोन सरबतात गेले, त्यांना उन्हाळ्यात काय तोटा! केक गोठ्यात गेला. म्हशीने तो हुंगला आणि तोंड फिरवलं, तेव्हा उकिरड्यावर.

राहिला रस. एकवीस डबे कोण पिणार? जिजीने तो गच्चीवर नेला. स्टीलच्या ताटांना तुपाचं बोट फिरवलं, रसाचा पातळ हात दिला, वरून जुनी ओढणी ताणून बांधली. बेचाळीस अंशांच्या उन्हात संध्याकाळपर्यंत पहिला थर चिकट झाला. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा. चौथ्या दिवशी ताटाच्या कडेने सुरी फिरवली तेव्हा आंब्याची पोळी अख्खी सुटून हातात आली, उन्हासमोर धरली तर मधासारखी आरपार. थोरली ती घडी करून डब्यात भरताना म्हणाली, “हे आधीच केलं असतं तर एवढी वीज तरी जळली नसती.” जिजी काही बोलली नाही. फ्रीझरमध्ये टाकायला मिनिट लागतं, पोळी घालायला चार दिवस. ते मिनिट कोणीही काढतं. चार दिवस घालवायचे म्हटलं की माणूस आधी विचारतो, ही खाणार कोण? तो प्रश्न फ्रीझर कधी विचारतच नाही. एकवीस डबे भरताना थोरलीला तो एकवीस वेळा पडायला हवा होता.

वहीतली एकच ओळ उरली. अगदी तळाशी, कोपऱ्यात, बर्फाने भिंतीला चिकटलेला मोठा स्टीलचा डबा. तो सुटेना, म्हणून आखाजीच्या आदल्या दिवशी फ्रीझर बंद केला. दुपारी डबा हाताला आला. झाकणावर थोरलीच्या अक्षरात चिकटपट्टी होती: सीताफळ, ताईंसाठी.

थोरलीला सगळं आठवलं. गेल्याच्या गेल्या दिवाळीला सालदाराची बायको माहेराहून आली होती. अक्राणीच्या डोंगरउतारावर सीताफळं उदंड. तिने निवडून निवडून टोपली भरली, धडगावहून एसटीने आणली, फाट्यावर उतरून डोक्यावर घेऊन घरापर्यंत आली. फळांचे डोळे उघडलेले, एकदोन दिवसांत खायलाच हवीत अशी. थोरलीने मुलांना हात लावू दिला नाही. आखाजीला नणंद माहेरी येते, तिला सीताफळ जीव की प्राण, तिच्यासाठी बासुंदी करू. रात्री दोघी जावांनी बिया काढून गर केला. पुढच्या आखाजीला नणंद आली, आठ दिवस राहिली, झोक्यावर बसली, रस-पोळी खाऊन गेली. सीताफळाची आठवण कुणालाच झाली नाही. डब्यावर तेव्हा मटार होता.

आता झाकण उघडलं. वर बर्फाचे काटे, खाली तपकिरी चिखल. धाकटीने बोटाने चाखलं आणि तोंड वाकडं केलं. आटवून पाहू म्हणाली. थोरलीने मान हलवली. सीताफळाच्या गराला जास्त आच लागली की तो कडू होतो, ते फळच तसं आहे: ना उन्हात वाळतं, ना साखरेत नीट मुरतं. आलं की खावं. डबा अंगणातल्या आंब्याच्या बुंध्याशी रिकामा झाला.

आखाजी उजाडली. नणंद आदल्या रात्रीच आलेली. घागर पुजली, डांगर ठेवलं, आगारी पडली. आंबा बाजारातला, अंगणातला अजून कैरीच होता. दुपारी जेवणं झाल्यावर ओसरीवर वही निघाली. सालदार, त्याची बायको, थोरला, धाकटा, सगळे बसले. उचल वाचली, खाडे वाचले, बाकी मोजून दिली. सालदाराने वाढ मागितली, थोरल्याने थोडी घासाघीस करून कबूल केली. साल पुढे चालू झालं.

सालदाराच्या बायकोने पिशवीतून एक पुडकं काढून जिजीपुढे ठेवलं. आमचूर होता. वर धडगावच्या बाजारात या दिवसांत आमचुराचीच खरेदी-विक्री असते. डोंगरातली घरंच्या घरं कैऱ्या सोलून वाळवतात. पांढऱ्या फोडीला भाव, पावसाचा एक शिंतोडा लागून काळी पडली की भाव गेला. हा पांढरा होता.

“नवा का गं?” जिजीने विचारलं.

“नवा कुठला, जिजी. यंदा पडला अवकाळी, सगळ्यांचा काळा झाला. हा दोन सालांचा, आईने मडक्यात ठेवलेला.”

जिजीने एक फोड मोडली. कट्‌कन तुटली. जिभेवर ठेवली आणि डोळे बारीक केले.

मग त्या बाईने सहज विचारलं, थोरलीकडे बघून, “वहिनी, सीताफळं आणली होती ना मी, ती गोड निघाली होती का? आई सारखी विचारते.”

ओसरीवर कुणी बोलेना. धाकटीने तोंड उघडलं होतं; गोड होती असं सांगून टाकणं अगदी सोपं होतं. थोरलीने तिला हाताने थांबवलं.

“खाल्लीच नाहीत गं आम्ही. ठेवून दिली होती. काल टाकून दिली.”

सालदार खाली बघायला लागला. त्याची बायको मात्र हसली, आधी पदर तोंडाला लावून आणि मग मोकळी.

“ठेवायचंच होतं तर तसं सांगायचं, वहिनी! मी आमचूर आणला असता. डोक्यावर ओझं तरी हलकं झालं असतं.”

नणंद म्हणाली, “माझ्यासाठी ठेवलं होतंत? मला एक फोन करायचा, मी दिवाळीलाच आले असते.” तेव्हा थोरलीलाही हसू फुटलं, पण डोळे पुसत.

“चला,” जिजी म्हणाली, “आता दुसरा सालदार.” नातीने वहीचं पान उलटलं. थोरल्याचं म्हणणं होतं की फ्रीझर भंगारात द्यावा. जिजीला ते पटलं नाही. वांग्याचा गर त्याने चांगला सांभाळला, लिंबू सांभाळलं. कामाचा आहे, फक्त कामं नेमून द्यायला हवीत. नात लिहू लागली. रस सहा डबे, बाकीची पोळी. मटार एका वेळी दोन किलो, डब्यावर तारखेची चिठ्ठी. भरताचा गर हवा तेवढा. आखाजीच्या आदल्या दिवशी बंद करून, पुसून, झाकण उघडं टाकायचं.

“आणि सीताफळ?” नातीने विचारलं.

“सीताफळ नाही,” जिजी म्हणाली.

“दोन डबे तरी,” थोरली म्हणाली. “ताई दिवाळीला येतील नाही येतील.”

“एक. आणि संक्रांतीच्या आत.”

“होळीपर्यंत, जिजी. होळीला हे दोघं वर जातात, यांच्या घरी बासुंदी करून पाठवू.”

जिजीने सालदाराच्या बायकोकडे पाहिलं. “तुम्ही खाल का गं, फ्रीझरमधलं?”

“खाऊ की. पण टोपली आली त्या दिवशी आधी तुम्ही खा.”

“लिही,” जिजी नातीला म्हणाली. “एक डबा, होळी.”